टबातली खरखर

पहिल्यांदा सोडलं तेव्हा कासव परत आलं.

सुकन्यानं त्याला भीमेच्या काठाशी, घोटाभर पाण्यात अलगद ठेवलं होतं. ते क्षणभर तसंच राहिलं. मग मान उंच ताणून त्यानं तोंड फिरवलं, ओल्या वाळूवर धडपडत चढलं आणि थेट तिच्या चपलेशी येऊन थांबलं.

"बघ, माया लागलीय त्याला तुझी," मुक्ताबाई म्हणाल्या. सासूबाईंचा आवाज जड झाला होता. निघताना त्यांनी कासवाच्या पाठीला हळदकुंकू लावलं होतं, सासरी निघालेल्या लेकीला लावावं तसं. पाण्यात जाऊन आलं तरी ते पुरतं पुसलं गेलं नव्हतं.

सुकन्याच्या कडेवर तिची लेक संस्कृती होती, नुकती पावलं टाकायला लागलेली. नदी दिसल्यापासून पोरीची खाली उतरायची चुळबुळ चालली होती आणि सुकन्याचा हात तिच्या कमरेभोवती आणखी आवळत चालला होता. शेवाळलेले दगड, फुटक्या बाटल्या, ते पाणी. तिची नजर एका जागी ठरत नव्हती.

कासव तिच्या नवऱ्याच्या, हर्षलच्या मित्रानं दिलेलं, टेम्पो घेतला तेव्हा. घरात ठेव, बरकत येते म्हणाला. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या चांदण्या. निळ्या टबात गोटे घातले, मधे विटेचा तुकडा ठेवला, वर पाणी. झाली त्याची सोय. त्याचं बघणं सुकन्याकडेच आलं, कारण घरात सगळ्यांचंच बघणं तिच्याकडे होतं. ते विटेवर मुकाट बसून राही. दुपारी मात्र टबाच्या कडेला नखांची खरखर सुरू व्हायची. संस्कृतीच्या रडण्यासारखाच तो आवाज तिला आतल्या खोलीतून ऐकू यायचा. हातातली कणीक तशीच टाकून ती उठायची.

बिचाऱ्याला नदी आठवत असेल, असं तिच्या मनात यायचं. मग एकदा मोबाईलवर वाचण्यात आलं की असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. शिक्षेचं वाचलं आणि पुढचं तिनं वाचलंच नाही. नवऱ्याच्या मागेच लागली. हे आल्यापासून भाडी बरी लागतायत, असं हर्षलचं म्हणणं. आमच्या मॅडमनी वाचलंय म्हणजे विषयच संपला, हेही त्याचंच. पण आज काष्टीच्या बाजाराला निघाले, तेव्हा त्यानं आपणहून टेम्पो नदीकडे वळवला.

दुसऱ्यांदा कासव त्यानं नेऊन गुडघाभर पाण्यात सोडलं. ते खाली गेलं. बुडबुडे आले. बराच वेळ काही दिसेना. मग काठाजवळ मान वर आली, आणि कासव पुन्हा वाळूवर. या वेळी मधेच दम खात, पण सुकन्याच्याच दिशेनं.

मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हे जनावर आता आपल्याला सोडत न्हाई, घरी घेऊन चला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. हर्षलला हसू आलं. त्यानं पँट आणखी वर दुमडली आणि कासव उचललं.

"मधल्या डोहात टाकतो, आई. मग कसं परत येतंय बघू."

तो पाण्यात शिरला. सुकन्या बघत राहिली. पुढच्या खडकावर दुसरं एक कासव ऊन खात पडलं होतं. चपटं, चिखलाच्या रंगाचं. हर्षलची चाहूल लागताच ते पाण्यात घसरलं. आवाज नाही की काही नाही. जाताना त्याचे पाय तिला दिसले. बोटांमधे पडदा, पंख्यासारखे पसरलेले.

तिनं हर्षलच्या हातातल्या कासवाकडे पाहिलं. त्याचे पाय हवेत हलत होते. गोल, जाड, खालून हत्तीच्या पायासारखे. पडदा कुठंच नव्हता.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "ते माझ्याकडे येत नाहीये. ते पाण्यातून बाहेर पडतंय."

हर्षल तसाच उभा राहिला. त्यानं कासव उलटं करून पाय पाहिले. मग मागे फिरला.

सुकन्यानं तिथूनच नगरच्या प्राणिमित्रांना फोटो पाठवला. एका बाईंचा लगेच फोन आला. हे जमिनीवरचं कासव, त्या म्हणाल्या. माळावर, काट्याकुट्यात राहणारं. खोल पाण्यात पडलं तर बुडून मरतं. पुण्य लागेल म्हणून लोक नदीत, विहिरीत सोडतात, असे फोन आम्हाला नेहमी येतात. तोवर कोरड्या खोक्यात गवत घालून ठेवा, वनखात्याची माणसं घेऊन आम्ही येतो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सुकन्याला बरं वाटलं असतं.

कासव कोरड्या वाळूवर ठेवलं होतं. थोड्या वेळानं ते चालू लागलं, चढावरच्या गवताकडे, चांगलं भराभर. इतके महिने घरात असून त्याची चाल तिनं पाहिलीच नव्हती.

कडेवर पुन्हा चुळबुळ झाली. सुकन्याचा हात आवळला, मग सैल पडला. तिनं संस्कृतीला खाली उतरवलं. पोरगी डुगडुगत कासवामागे निघाली.

मुक्ताबाई जवळ आल्या. सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"जिवाला लावून घिऊ नको. आपल्याला काय ठावं व्हतं? तू तर त्याचं लई केलंस. जरा खरखर झाली की पळायचीस त्याच्याकडं."

सुकन्याची नजर कासवावरून हलली नाही.

"पळायचे, आई," ती म्हणाली. "दर वेळी टबात आणखी तांब्याभर पाणी ओतून यायचे."