डब्यानंतरची चार मिनिटं

शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या ताईने छत्तिसाव्या वर्षी दातांना तारा बसवून घेतल्या. "तारांभोवती अन्न अडकून राहिलं, तर तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज डबा खाऊन झाला की ती बेसिनपाशी उभी राहायची आणि चार मिनिटं एकेका तारेखालून ब्रश फिरवायची.

"आल्या बघा नवरीबाई!" असं म्हणून सुपरवायझरबाई नेहमीप्रमाणे तोंडावर हात धरून हसायच्या. एके दिवशी त्यांनी बेसिनच्या वर कागदच चिकटवला, 'इथे दात घासू नयेत.' ताई त्या कागदाखालीच उभी राहून दात घासू लागली.

बाई तरातरा आल्या. "कामावरून काढून टाकीन हं! आम्हीही लावल्या होत्या की तारा. असली थेरं नाही केली कधी."

ताईने उरलेलं अर्धं मिनिट पुरं केलं आणि सावकाश चूळ भरली.

"काढायचं तर काढा, बाई. पण तारा निघाल्यावर मला तुमच्यासारखं तोंडावर हात धरून हसायचं नाहीये."