अर्धा तास पाणी

ईस्टरच्या आधी आमच्या ग्रीक बेटावर घरोघरी भिंतींना चुना मारतात. माझी बायको अर्गिरो वारल्यावर यंदा पहिल्यांदाच मी एकटा मारत होतो. ब्रशवरचा चुना उडून डाव्या डोळ्यात गेला आणि डोळ्याची आग आग झाली.

शेजारीण स्तामातिया डोळा धुवायला कॅमोमाइलच्या फुलांचा काढा उकळायला पळाली.

"काढा नको, पाणी आण. अर्गिरो सांगायची, चुना गेला तर आधी अर्धा तास नुसतं पाणी."

तिने अंगणातली नळी माझ्या डोळ्यावर धरली. "अर्धा तास मी गप्प नाही राहायची हं, लेफ्तेरी."

"कधी राहिलीस?"

"मग ऐक. दर वर्षी तू चुना मारून कॉफी प्यायला गेलास, की अर्गिरो अख्खी भिंत पुन्हा रंगवायची. तू येतोस का, ते मी बघत बसायचे."

"चाळीस वर्षं?"

"चाळीस. आणि तू चौकात मिशा पिळत सांगायचास, माझ्यासारखा हात नाही कुणाचा."

चिंब भिजलेला मी पोट धरून हसत सुटलो.

मग बेटावर नुकत्याच आलेल्या डॉक्टरांनी डोळा तपासला. "पाण्यामुळे वाचला. पण चुना डाव्यात गेला ना? मग उजवा का लाल?"

"डावा बायकोने वाचवला, डॉक्टर. उजवा हसवून हसवून तिनेच लाल केला."

डॉक्टर स्तामातियाकडे कौतुकाने बघू लागले.

"मी नुसती नळी धरली," ती म्हणाली.