सातपूरचं क्वार्टर

सरितानं नळ सोडला आणि पाणी आलं. भर दुपारी दोन वाजता. तिनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा आलं. सातवा महिना लागलेली बाई, पेठकडच्या पाड्यावर रोज दोन हंडे विहिरीवरून डोक्यावर आणणारी. ती त्या धारेखाली हात धरून उभीच राहिली.

घरधनीण लताबाई तिला एकेक खोली दाखवत होती. क्वार्टर उद्यापर्यंत तिचं होतं. भांड्यांची पोती शिवून झाली होती, भिंतीवरच्या बक्षिसाच्या ढाली उतरवल्या होत्या, नुसते खिळे राहिले होते. कुठं बदली झाली का, असं सरितानं विचारलं. लताबाई म्हणाली, गावाला चाललो. आणि तिनं पुढच्या खोलीचं दार उघडलं.

हिरामण भोये दारात उभा राहून बायकोकडं बघत होता आणि मनातून जाम खूश होता. तालुक्यात त्याच्यासारखा कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारा दुसरा नव्हता. त्याच्या हातात घोटा सापडला की चढाईवाला परत जायचा नाही. म्हणूनच दोन कंपन्यांना तो हवा होता. मुंबईची कंपनी महिना आठ हजार देत होती, सातपूरची चार. आता आठ सोडून चार घेणारा माणूस येडाच म्हणायचा. पण हिरामण येडा नव्हता. मुंबईच्या आठातून आधी आयकर जाणार, व्यवसाय कर जाणार, फंड जाणार. मग खोलीचं भाडं, डिपॉझिट, आणि खेळाडूचा खुराक. त्यानं तीनदा मांडून बघितलं, तीनदा हातात भोपळाच. सातपूरच्या चाराला आयकर शिवतही नव्हता. जेवण कॅंटीनमध्ये, रोज दोन लिटर दूध, आणि राहायला हे क्वार्टर, फुकट. सकाळीच त्यानं एसटीडी बूथवरून मुंबईला नाही कळवलं होतं. तिकडच्यांनी लगोलग दुसरा पोरगा घेतलासुद्धा. त्याचं हिरामणला काही वाटलं नाही.

सातपूरच्या संघाचे मॅनेजर निकमसाहेब मोठा गोड माणूस. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की संघात सात, तशी खेळाडूंची क्वार्टरंही सातच. एक रिकामं झालं की एक माणूस घ्यायचा. खेळत नाही त्याला क्वार्टर नाही. हिरामणला ते रास्त वाटलं होतं. फुकट कोण कुणाला ठेवतो?

सरिता मोरीपलीकडं डोकावली आणि थबकली. संडासात एक लाकडी खुर्ची होती, मधोमध भोक पाडलेली. घरात म्हातारं माणूस आहे का, असं तिनं विचारलं.

"नाय," लताबाई म्हणाली. "आम्ही आलो तवापासून हाय ती. असू द्या, तुमच्याकडं राहील."

खुर्ची चांगलीच जुनी होती. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. सरितानं पदर सावरला आणि ती पुन्हा नळाकडं गेली.

आमचे हे आत पडलेत, भेटून घ्या, असं लताबाईनं हिरामणला सांगितलं. तो आतल्या खोलीत गेला. खिडकी बंद होती. कॉटवर एक धिप्पाड माणूस उशीला टेकून बसला होता. त्याचा डावा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

हिरामणनं त्याचा चेहरा बघितला आणि तो उंबऱ्यातच थांबला. महाशिवरात्रीची जत्रा, दिंडोरीकडचं मैदान. हा माणूस सातपूरच्या कंपनीकडून चढाईला आला होता. हिरामणनं त्याचा घोटा धरला आणि अंग झोकून दिलं. ऊस मोडावा तसा आवाज आला. त्याला जीपमध्ये घालून नेलं, आणि लोकांनी हिरामणला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली. संध्याकाळी निकमसाहेब स्वतः भेटायला आले, येतोस का आमच्याकडं म्हणाले. त्या चढाईवाल्याचं काय, असं हिरामणनं एकदा विचारलं होतं. स्नायू दुखावलाय, होईल बरा, असं साहेब म्हणाले. हिरामणनं पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला विचारायचंच नव्हतं. आणि आता त्याच माणसाच्या घरात तो बायकोला घेऊन खोल्या मोजायला आला होता.

त्या माणसाचं नाव कारभारी. त्यानं हिरामणला कॉटच्या कडेला बसायला सांगितलं, गाव विचारलं, पोरंबाळं विचारली. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं हिरामणला वाटलं. बाहेरून सरिता विचारत होती, सामान उद्याच आणायचं का. तिचा आवाज इतका आनंदात त्यानं लग्नानंतर ऐकला नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, ती कसली ते कळेना.

"दादा," तो खाली बघत म्हणाला, "म्या मुद्दाम नव्हतं केलं."

"ठाऊक हाय," कारभारी म्हणाला. "म्या बी मुद्दाम नव्हतं केलं."

हिरामणनं मान वर केली.

"माझ्या आधी इथं झुंबर राहायचा. त्याचा गुडघा माझ्या लाथेनं गेला."