उर्वशीचा पेपर

खोली नंबर चारच्या दारात उर्वशी थांबली. तिसऱ्या रांगेत, बाहेरच्या यादीत तिच्या नावापुढे दिलेल्या जागेवर, निकिता बसली होती. खाली मान घालून भराभर लिहीत होती. राज्यशास्त्राचा पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

उर्वशी खरं म्हणजे अमरावतीच्या वाटेवर असायला हवी होती. सराव शिबिर होतं. खेळाच्या ढोणे सरांनी पहाटे स्वतः तिला दिग्रसच्या बसस्थानकावर गाडीत बसवून दिलं होतं. ती दारव्ह्याला उतरली आणि मिळेल त्या गाडीनं परत आली.

तिसरं वर्ष होतं तिचं या कॉलेजात. पाच हजार मीटर, दहा हजार मीटर, जे असेल ते ती धावायची. तिनं आणलेल्या ढाली प्राचार्यांच्या कपाटात मावत नव्हत्या. पण नापास मुलीला विद्यापीठाच्या संघात घेत नाहीत. म्हणून परीक्षा जवळ आली की सर तिला कुठल्या तरी शिबिराला धाडत. "तू फक्त धाव. पेपरचं मी पाहतो," म्हणत. निकाल लागे तेव्हा ती पास असे. आपला पेपर कोण लिहितं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं तर धावणं बंद होईल, एवढं तिला कळत होतं.

मग उन्हाळ्यात ती झरी जामणीकडे, जंगलाला लागून असलेल्या आपल्या पोडावर, त्या लहानशा वस्तीवर, गेली. वनहक्काच्या दाव्यावर सरकारी कागद आला होता. वीस घरांची माणसं त्यांच्या अंगणात येऊन बसली. आईनं, मानीबाईनं, तो कागद तिच्या हातात दिला.

"बीएवाली हाय माही पोरगी. वाच माय."

उर्वशीनं सगळी अक्षरं वाचली. अर्थ तिला सांगता आला नाही. दावा फेटाळलाय आणि अपिलाची मुदत आहे, हे पोडावर कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. तिला कुणी बोल लावला नाही. म्हाताऱ्यांनी फक्त पुन्हा तिच्याकडे कागद आणले नाहीत.

तेव्हापासून ती सकाळी धावायची आणि दुपारभर पुस्तकं घेऊन बसायची. एकेक पान चार चार वेळा वाचायची.

ती आत गेली. पर्यवेक्षक बाईंना म्हणाली, "बाई, ती जागा माही हाय."

निकिताचा पेन थांबला. ती एम.ए.ला होती. वसतिगृहात दोघी एकाच खोलीत राहत. सरांनी तिला कॉलेजच्या वाचनालयात कामाला लावलं होतं. उर्वशीला वाटायचं, निकिता हुशार आहे म्हणून.

बाई बाहेर गेल्या आणि ढोणे सरांना घेऊन आल्या. सर रागावले नाहीत. त्यांनी उर्वशीला व्हरांड्यात नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गुपचाप रूमवर जाय. पुढच्या महिन्यात तू विद्यापीठाकडून धावून राह्यली."

"नापास झाली तरी चालते सर. माहा पेपर मीच लिहीन."

"तू काय करून राह्यली, तुले समजत नाही."

तेवढ्यात फाटकातून पांढरी जीप आत आली. विद्यापीठाचं भरारी पथक होतं. सर उर्वशीपासून दोन पावलं बाजूला सरले.

पथकाच्या मॅडम सरळ चार नंबरकडे आल्या. "ही मुलगी बाहेर का उभी आहे?"

"मॅडम, उर्वशी आत्राम मी हाय," उर्वशी म्हणाली. "माह्या जागेवर दुसरी बसली."

मॅडमनी हजेरीपत्रक मागवलं. उर्वशी गोविंदा आत्राम. नावाशेजारी फोटो होता. निकिताचा. फोटोखाली सही होती, तीही निकिताच्या हातची. हॉल तिकिटावर तेच. उर्वशी ते पहिल्यांदाच पाहत होती. पहिल्या वर्षाचा फॉर्म सरांनीच भरला होता.

"तुझं ओळखपत्र?"

"खेळाडूंची कागदं सरांजवळ राह्यतात. आधार कार्ड बी."

मॅडमनी निकिताला उभं केलं. "नाव?"

निकितानं उर्वशीकडे पाहिलं नाही. "उर्वशी गोविंदा आत्राम," ती म्हणाली. कुठेही अडखळली नाही.

मॅडम सरांकडे वळल्या. "तुम्ही ओळखता हिला?"

ढोणे सरांनी उर्वशीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाही मॅडम. आमच्या कॉलेजची नाही वाटत. आजकाल डमी लय येऊन राह्यले."

उर्वशीनं खोलीत पाहिलं. पस्तीस मुलं होती. त्यांतल्या कितीतरी जणांनी मैदानाच्या कडेला उभं राहून तिच्या नावानं आरोळ्या दिल्या होत्या. एकेक करून सगळ्यांच्या माना उत्तरपत्रिकेत गेल्या. पेनांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मॅडमनी पोलिसांना फोन केला आणि एक छापील फॉर्म काढला. वरच्या ओळीत 'तोतया परीक्षार्थी' असं होतं. त्यांनी तो व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि उर्वशीला खुर्ची दिली.

"पोलीस येतच आहेत. निदान आता तरी खरं नाव लिही."

उर्वशीनं लिहिलं. सावकाश, काना-वेलांटी सांभाळून, पूर्ण नाव लिहिलं.

मॅडमनी ते वाचलं, फॉर्म आपल्याकडे ओढला आणि त्या नावाखाली लाल शाईनं नोंद केली, 'खरे नाव सांगण्यास नकार.'