हिरवा दिवा

लखनला पहिली थोबाडीत कुंदननेच मारली. पांडेसऱ्यातल्या त्या मिलमध्ये कापड रंगवायच्या यंत्राचा, पाणी गार असेल तरच झाकणावरचा हिरवा दिवा लावणारा प्रोग्राम त्याने लिहिलेला, आणि ते यंत्र चालवणारा लखन चारचौघांत सांगत सुटला होता, "दिवा हिरवा व्हता, म्हनीसन झाकण उघाडं!" झाकण उघडताच उकळतं पाणी उसळलं होतं आणि शेजारी उभा असलेला बन्सीलाल मानेपासून कंबरेपर्यंत भाजला होता. अँब्युलन्स नुकतीच गेली होती.

"मना दिवा चुकस नही!" कुंदन ओरडला.

मग काय, लोकांना तेवढंच हवं होतं. बन्सीलालचा भाऊ गजेंद्र, त्याने लोखंडी पाइप उचलला. लखन कापडाच्या ट्रॉलीखाली घुसला, तर त्याला पाय धरून ओढून काढला.

कुंदन तणतणत केबिनमध्ये शिरला. ज्या फंक्शनल प्रकारच्या संगणकभाषेत त्याने प्रोग्राम लिहिला होता, तिची नवी आवृत्ती आठवड्यापूर्वीच आली होती. जुनीपेक्षा फार कडक; विचारात न घेतलेली एकही शक्यता खपवून घेत नाही, असा तिचा लौकिक. बरंच झालं. तिच्याकडूनच खात्री करून घेऊ आणि लखनचं तोंड बंद करू.

त्याने प्रोग्राम नव्या आवृत्तीत तपासणीला लावला. बाहेर पाइप हाडावर बसल्याचा आवाज आला. मग लखनची किंकाळी.

पडद्यावर लाल ओळ उमटली. एक शक्यता राहिली आहे : तापमान कळलंच नाही तर?

जुनी आवृत्ती इथे गप्प बसायची. तापमान मोजणारा सेन्सर बंद पडला, की दिवा आधी होता तसाच राहायचा. पाणी गार असताना तो हिरवा होता. मग सेन्सर बंद पडला असणार, म्हणून पाणी उकळलं तरी हिरवाच राहिला.

कुंदन धावत सुटला आणि गजेंद्रच्या हाताला लटकला.

"सोड त्याले! दिवा हिरवाच व्हता. चूक मनी शे."

आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

गजेंद्रने पाइप लखनसमोर टाकला. "पहिले यानीच मारं ना तुले? आते तू मार."

कुंदनने चष्मा काढून खिशात ठेवला आणि लखनपुढे खाली बसला. लखनने पाइप उचलायला खांदा पुढे केला. कोपराखालचा हात नुसताच लोंबत राहिला.