तिसरं गृहीतक

“मेला टोचतोय नुसता,” कुसुम गुडघ्यावरच्या पट्ट्याला उद्देशून पुटपुटली.

बापूरावांनी ऐकलं नाही. मंगळवारी त्यांची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. विषय होता गुडघ्यातल्या वंगणावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम. सगळा कागदावर, गणितात. आज रविवारी जेवणं उरकल्यावर त्यांनी बायकोलाच परीक्षक करून समोर बसवलं होतं. हातात नऊ प्रश्नांचा कागद दिला होता.

पट्ट्यात बारा लोहचुंबकं होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कुसुमचा उजवा गुडघा बदलायला सांगितला, त्याच आठवड्यात बापूरावांनी हा पट्टा आणला. तेव्हापासून घरातल्या हरवलेल्या टाचण्या सापडू लागल्या. गुडघा होता तसाच राहिला. त्यांच्या कात्रजच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून कुसुम शेवटची खाली उतरली ती दसऱ्याला. लेक, ऋतुजा, हिंजवडीहून फोनवर म्हणायची, “बाबांचा प्रबंध होऊ दे गं, मग बघू.” नवरा हट्टी आहे, हे कुसुमने लग्नानंतर तिसऱ्या दिवशीच मान्य केलं होतं.

“तुमची गृहीतकं सांगा,” तिने कागदावरून वाचलं.

“एक, वंगण सगळीकडे सारखं. दोन, पृष्ठभाग गुळगुळीत. तीन, दोन हाडं एकमेकांना कधीच टेकत नाहीत.”

“माझी टेकतात. एक्स-रेत दिसतंय.”

“परीक्षक असलं काही विचारणार नाहीत.”

“त्यांचे गुडघे धड असतील.”

बापूराव पाणी प्यायले. कुसुमने कागद खाली ठेवला.

“अहो, मग माझ्या गुडघ्याला हे गणित लागू कसं?”

त्यांनी प्रबंधाची चार पानं उलटली, पुन्हा सुलटी केली.

“नाही लागू,” ते म्हणाले. “आणि पट्ट्यातल्या एवढ्याशा चुंबकांनी तर धडधाकट गुडघ्यालाही फरक पडत नाही. आकडेमोड केली मी.”

“कधी?”

“पट्टा आणला त्याच महिन्यात.”

कुसुमने पट्ट्यावर हात ठेवला. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली.

“दोन वर्षं बांधतेय मी तो. तुम्ही रोज सकाळी आठवण करून देता.”

“पट्टा सोडला की ऑपरेशनची तारीख घ्यावी लागेल,” बापूराव पानांकडे बघत म्हणाले. “आणि भूल दिल्यावर तू उठलीच नाहीस तर?”