बादलीची परीक्षा

१९७८ साली मी इंग्रजीची तोंडी परीक्षा सुरू करायचा हट्ट धरला. तालुक्याच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी म्हणजे पाठ करून लिहायचा विषय. विभागप्रमुख खांबेटे सर म्हणाले, "बाई, एक दिवस घेऊन बघा. पोरं गप्प बसली, तर हे खूळ कायमचं बंद."

पोरं गप्पच बसली. टेबलामागे सर आणि मी, समोर एकटा विद्यार्थी, अंगठ्याने फरशी कोरत उभा. दुपारपर्यंत सरांच्या कागदावर शून्यांची माळ झाली. "पटलं ना, बाई?"

शेवटी छबू आणि नलू उरल्या. वसतिगृहात दोघी एकाच खोलीत राहायच्या आणि मी तिथली रेक्टर होते. मी दोघींना एकदमच आत बोलावून समोरासमोर बसवलं. "आमच्याकडे बघूच नका. सकाळी बादलीवरून भांडत होतात ना? ते भांडण इंग्रजीत पूर्ण करा."

मग छबू उसळली, "यू टेक माय बकेट एव्हरी मॉर्निंग!"

"युवर बकेट हॅज होल! हू विल टेक?"

"दॅट होल यू मेड!"

पाच मिनिटं झाली तरी दोघी थांबेनात. खांबेटे सर हसून हसून डोळे पुसत होते. "बाकीच्यांनाही जोडीने परत बोलवा," ते म्हणाले, "आणि भांडायला सांगा!"

जोडीची तोंडी परीक्षा पुढे विद्यापीठानेही स्वीकारली. खांबेटे सर अखेरपर्यंत ती आपलीच कल्पना म्हणून सांगत राहिले. मी परीक्षा मंडळाची अध्यक्ष होऊन निवृत्त झाले. नलू वकील झाली, तिने भांडण सोडलं नाही. छबू इंग्रजीची प्राध्यापक झाली, आणि तिच्या तोंडी परीक्षेत पहिल्या जोडीला विषय कायम बादलीचाच असे.